कॅसेटच्या कव्हरवरचा पत्ता

नागपुरात मानेवाडा रिंग रोडच्या आतल्या बाजूला, आमच्या वस्तीत, शेजाऱ्यांच्या मुलाचे मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. दुकानाच्या काचेवर लाल अक्षरांत ‘मेमरी कार्ड, पेन ड्राइव्हमध्ये गाणे भरून मिळतील’ असे लिहिलेले आहे, आणि ऑटोवाल्यांपासून लग्नसराईतल्या डीजेवाल्यांपर्यंत अनेक जण त्याच एका ओळीसाठी तिथे थांबतात. मागच्या महिन्यात मी फोनचे चार्जिंग पॉइंट दाखवायला गेलो, तेव्हा दुकानात दुसरे कोणी नाही असे पाहून त्याने हलक्या आवाजात विचारले, “काका, ह्याच्यात जेल होते का जी?” गाणे कॉपी केले तर तीन वर्षांची कैद होते, असा मजकूर त्याला कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला होता.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, तेव्हा ‘होते’ असे एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण या कॉपीराइटच्या कायद्याशी माझी पहिली भेट वकील म्हणून झालेली नाही. ती पंच म्हणून, म्हणजे पोलिसांच्या जप्तीचा साक्षीदार म्हणून झाली, आणि त्या दिवशी माझ्या स्वतःच्या खिशात जे होते ते पाहता मला पंच करणे हीच मोठी गंमत होती. त्यामुळे त्याला सांगितलेले उत्तर बरेच लांबले. तेच येथे जरा नीट लावून लिहितो आहे.

१९९३ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत कॅसेट भरून देणारे एक दुकान होते. गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट तिथेच विकत घ्यायची, आणि दोन दिवसांनी आपल्या पसंतीच्या क्रमाने भरलेली कॅसेट घेऊन जायची. सगळे मिळून ३५ रुपये. ताईच्या लग्नासाठी चौदा गाण्यांची यादी घेऊन मी भर दुपारी तिथे पोचलो, तर दुकानाचे शटर अर्धे खाली ओढलेले आणि बाहेर पोलिसांची गाडी. वळून जाणार तेवढ्यात एका हवालदाराने खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, “शिकतोस का? मराठी वाचता येतं ना? चल, सही करायची आहे.”

आत पंखा बंद होता, कारण सगळे प्लग काढून जमिनीवर ठेवले होते. फौजदार एका स्टुलावर बसले होते. संगीत कंपनीने पाठवलेला एक माणूस अधिकारपत्र घेऊन आलेला होता, आणि तो एकेक कॅसेट हातात घेऊन दोन ढीग करत होता. तो कसे ओळखतो हे मी जवळून पाहिले. अस्सल कॅसेटच्या कवचावर कंपनीची खूण साच्यातूनच उठलेली असे, तर नकलीवर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असे. अस्सल कव्हरची छपाई स्वच्छ, नकलीच्या छपाईत लाल रंग चेहऱ्याच्या रेषेबाहेर सरकलेला. आणि सगळ्यात आधी तो कव्हर उलटे करून तळाची बारीक अक्षरे पाहत असे. तिथे काढणाऱ्याचे नाव, पत्ता आणि साल असायला हवे होते. नकली कॅसेटवर त्या जागी बहुधा काहीच नसे, किंवा असेच कुठले तरी अर्धवट नाव असे. त्या दुपारी मला ही केवळ त्याची सवय वाटली. कायद्याचे एक पूर्ण कलम त्या बारीक अक्षरांवर उभे आहे हे समजायला मला आणखी बरीच वर्षे लागली.

प्रतिलिपी हक्क (कॉपीराइट) अधिनियम १९५७ चा, आणि तो लागू झाला २१ जानेवारी १९५८ रोजी. तेव्हाच्या मूळ कलम ६३ मध्ये हक्कभंगाला जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दंड, अथवा दोन्ही, एवढीच शिक्षा होती. घरोघरी टेपरेकॉर्डर आले, पाठोपाठ व्हीसीआर आले, आणि एका मूळ प्रतीवरून शंभर नकला काढणे हा चहाच्या टपरीइतका सोपा धंदा झाला. १९८४ च्या दुरुस्तीच्या उद्देशपत्रिकेत चोरीचे तीन प्रकार सांगितले होते: छापील मजकुराची, ध्वनिमुद्रणाची आणि चित्रपटाची. त्या दुरुस्तीने जे केले तेच आजही आपल्या डोक्यावर आहे. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला किंवा त्याला साहाय्य करणाऱ्याला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, आणि कमीत कमी ५० हजार ते जास्तीत जास्त २ लाख रुपये दंड. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास कलम ६३ ए प्रमाणे ही खालची मर्यादा एक वर्ष आणि १ लाख रुपये अशी वर सरकते. व्हॉट्सॲपवरच्या त्या मजकुरातली तीन वर्षे येथून आलेली आहेत. मात्र ती कमाल आहे, हे तो लिहिणारा सोयीस्कर विसरला होता.

दंडाच्या आकड्यांविषयी एक गोष्ट मनात येते. चाळीस वर्षांत हे आकडे बदललेले नाहीत. १९८४ साली ५० हजार म्हणजे बर्डीच्या दुकानदाराचा संसार उठवणारी रक्कम होती. आज एखाद्या संकेतस्थळाच्या मालकाला ती जाहिरातींतून किती लवकर परत मिळत असेल याचा विचारच केलेला बरा. आकडा तोच राहिल्याने शिक्षा आपोआप लहान माणसाला जड आणि मोठ्याला हलकी झाली, आणि असे करायचे असे कोणी कधी ठरवलेले नव्हते.

त्याच दुरुस्तीने कलम ६४ नव्याने लिहिले आणि फौजदाराच्या हाती मोठा अधिकार दिला. कलम ६३ खालचा गुन्हा घडला आहे, घडतो आहे किंवा घडण्याचा संभव आहे अशी खात्री पटली, तर उपनिरीक्षक व त्यावरचा कोणताही पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय सर्व नकला आणि त्या काढण्याची साधने जप्त करू शकतो. फक्त तो माल शक्य तितक्या लवकर दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवला पाहिजे. आपला माल परत मिळावा असे ज्याला वाटते त्याने जप्तीपासून पंधरा दिवसांत अर्ज करायचा असतो. बर्डीच्या त्या दुकानदाराला हे पंधरा दिवस कोणीच सांगितले नाहीत. तो महिनाभर ठाण्याच्या पायऱ्या झिजवत राहिला आणि मुदत कधीच निघून गेली.

पंचनाम्यात मी जे सही करून दिले ते असे: दोन डबल डेक टेपरेकॉर्डर, एक जलद नकला काढणारे यंत्र, कोऱ्या कॅसेटची तीन खोकी, आणि ‘विविध चित्रपटांच्या व इतर गीतांच्या बनावट कॅसेट नग ८४०’. त्या गोणीत भरल्या, तोंड सुतळीने बांधले, गाठीवर आमच्या सह्यांची चिठ्ठी ठेवून लाखेची मोहोर केली. मेणबत्तीवर वितळणाऱ्या लाखेचा वास आणि बंद खोलीतली बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची नागपुरी दुपार, या दोन्ही गोष्टी मला आजही एकत्रच आठवतात. माझ्या खिशातल्या यादीला घाम लागून शाई पसरली होती. ‘साहाय्य करणारा’ हा शब्द कलमात आहे हे मला तेव्हा ठाऊक असते, तर मी सही करताना हात बराच कापला असता.

साक्षीचे समन्स आले २००१ साली. तोपर्यंत मी वकिलीची सनद घेतलेली होती, काळा कोट नवा होता, आणि तरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर घसा कोरडा पडला. आरोपीच्या वकिलांनी मोजून चार प्रश्न विचारले. या कॅसेट तुमच्यासमोर वाजवून पाहिल्या का? नाही. नंतर कोणी वाजवून पाहिल्या हे तुम्हाला माहीत आहे का? नाही. त्यांच्या कव्हरवर काय छापलेले होते ते पंचनाम्यात लिहिले आहे का? मी कागद पाहिला, लिहिलेले नव्हते. मग चौथा प्रश्न: आपण त्या दिवशी त्या दुकानात कशासाठी गेला होता? मी शपथेवर होतो, म्हणून सांगून टाकले की गाणी भरून घ्यायला. न्यायदंडाधिकाऱ्यांनीही मान खाली घालून हसू लपवले. स्वतंत्र पंच म्हणून सरकारने उभा केलेला माणूस त्याच धंद्याचा गिऱ्हाईक निघाला. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. तोवर त्याची आठ वर्षे तारखांत गेली होती, दुकान गेले होते, आणि त्याच जागी एसटीडी बूथ उभा राहिला होता.

माझ्या दृष्टीने त्या खटल्यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. १९८४ च्या दुरुस्तीनेच कलम ५२ ए आणले. ध्वनिमुद्रण प्रकाशित करणाऱ्याने त्यावर आणि त्याच्या वेष्टनावर, ते ज्याने काढले त्याचे नाव व पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे साल छापलेच पाहिजे. व्हिडिओ फिल्म असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रतही दिसली पाहिजे, आणि मालकाकडून परवाना घेतल्याचे निवेदनही. हे नसेल तर कलम ६८ ए प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. १९९६ साली आंध्र प्रदेशातल्या व्हिडिओ कॅसेटच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा खटल्यात मूळ मालकाला शोधून काढून साक्षीला आणण्याची सरकार पक्षाला गरज नाही. म्हणजे गाणे कोणाचे, करार कोणाशी, हा सगळा गुंता बाजूला ठेवून न्यायालय फक्त कव्हर हातात घेऊन पाहू शकत होते. आमच्या खटल्यात सरकारी वकिलांनी तो निवाडा वाचूनही दाखवला. पण कव्हरवर काय आहे आणि काय नाही याबद्दल पंचनाम्यात एक ओळ नव्हती. होता फक्त ८४० हा आकडा. गोणी न्यायालयात उघडली तेव्हा ओल लागून बरीच कव्हरे एकमेकांना चिकटलेली होती. कंपनीच्या त्या माणसाने जे पहिल्या मिनिटाला पाहिले, तेच कागदावर उतरवायचे राहून गेले होते.

गेल्या तीस वर्षांत कायदा हळूहळू बदलत गेला तो याच एका अडचणीभोवती, असे माझे मत झाले आहे. कायदा रचला गेला तो हातात धरता येईल अशा वस्तूसाठी. तिला कव्हर होते, कव्हरला तळ होता, आणि तळाशी पत्ता होता. पुढे सीडी आली, तोवर निभावले. मग वस्तूच नाहीशी झाली.

दुकानातल्या मुलाला मी म्हटले, त्या संगणकावर एखादे गाणे लाव आणि पडद्यावर गायकाच्या जागी काय येते ते वाच. त्याने लावले. गायकाच्या रकान्यात गाणे फुकट वाटणाऱ्या एका संकेतस्थळाचे नाव होते. अल्बमच्या रकान्यातही तेच, संगीतकाराच्या रकान्यातही तेच. ऑटोत बसल्यावर प्लेअरच्या निळ्या पट्टीवर जे नाव सरकत जाते ते हेच, आणि ते गायकाचे नाव असावे असे मानणारी माणसे मी पाहिलेली आहेत. चोराने माल तर नेलाच, वर दारावरची पाटी बदलून आपली लावली. २०१२ च्या दुरुस्तीने याला वेगळा गुन्हा ठरवले आहे. कृतीची ओळख सांगणारी माहिती, म्हणजे तिचे शीर्षक, कर्त्याचे नाव, हक्कधारकाचे नाव व पत्ता, किंवा त्यासाठी वापरलेला सांकेतिक क्रमांक, अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकणे वा बदलणे, आणि ती काढलेली आहे हे माहीत असून अशा प्रती वाटणे, याला कलम ६५ बी प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. त्याच्या अलीकडचे कलम ६५ ए कुलूप तोडण्याविषयी आहे. प्रत निघू नये म्हणून घातलेली तांत्रिक अटकाव-व्यवस्था हक्कभंगाच्या हेतूने फोडणाऱ्याला तेवढीच शिक्षा. पूर्वी कव्हरवर पत्ता छापा असे सांगणारा कायदा आता पत्ता पुसू नका असे सांगू लागला.

“पण मी तर काही पुसलं नाही, जसं आलं तसं भरून देतो,” तो म्हणाला. बरोबर आहे, आणि ‘जाणूनबुजून’ हा शब्द कायद्यात त्यासाठीच आहे. मात्र काचेवर पाटी लावून, प्रत्येक पेन ड्राइव्हमागे पैसे घेऊन, परवान्याचा कागद नसताना चार हजार गाणी बाळगणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणणे फार जड जाते. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेले नसेल, तर पुरेशी आणि विशेष कारणे निकालपत्रात लिहून न्यायालय सहा महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. पण काचेवरची पाटी ती वाटच बंद करते. शिवाय नकला काढण्याचे साधन हक्कभंगासाठी जाणून बाळगणे हा कलम ६५ खालचा स्वतंत्र गुन्हा, दोन वर्षांपर्यंतचा. बर्डीच्या दुकानात ते साधन म्हणजे डबल डेक होता. याच्या दुकानात तो कोपऱ्यातला जुना संगणक.

मग त्याने विचारले की पोलीस थेट उचलून नेतील का. या प्रश्नावर उच्च न्यायालयांतच अनेक वर्षे मतभेद होते, आणि ते एका शब्दाच्या वाचनावरून होते. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टाप्रमाणे इतर कायद्यांतील तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र, आणि तीन वर्षे व त्यापुढे सात वर्षांपर्यंतचा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. आता ‘तीन वर्षांपर्यंत’ अशी शिक्षा यातल्या कोणत्या घरात बसवायची? २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगितले की न्यायालय तीन वर्षे देऊ शकते, तेव्हा कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे ठाण्याने गुन्हा नोंदवून घेतला पाहिजे. अजामीनपात्र या शब्दाने आमच्याकडे उगाच धडकी भरते. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नसून, तो ठाण्यातून हक्काने मागता येत नाही, न्यायालयाच्या विवेकावर राहतो, एवढाच आहे. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले आहे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही नोटिशीची तरतूद कायम आहे. कलम ६५, ६५ ए आणि ६५ बी दोन वर्षांचे असल्याने अदखलपात्राच्या घरात पडतात.

महाराष्ट्रात याहून कडक गोष्ट एक आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. नागपुरात एखाद्या गुंडावर एमपीडीए लावला अशी बातमी आपण नेहमी वाचतो. १९८१ चा हा कायदा झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार आणि पुढे धोकादायक व्यक्तींसाठी होता. २००९ मध्ये त्याच्या नावातच ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती (व्हिडिओ पायरेट्स)’ ही भर पडली. चित्रपटाच्या किंवा त्याच्या गीतांच्या नकलांचा धंदा जो सराईतपणे करतो, त्याला खटला न चालवता जास्तीत जास्त बारा महिने स्थानबद्ध ठेवता येते. शिक्षा सुनावण्यापूर्वीच तुरुंग, आणि तोही हातभट्टीवाल्यांच्या रांगेत. कॅसेट चोरणारा समाजाला हातभट्टीइतका घातक आहे का, हा प्रश्न मला वकील म्हणून पडतोच. विधिमंडळाला तेव्हा पडला होता की नाही, कोण जाणे.

एवढी सगळी कलमे असून ती कोणासाठी धावतात, याचा अनुभव मात्र मला दीक्षाभूमीवर आला. अशोक विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला तिथे पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात, तशीच भीमगीतांच्या कॅसेटची आणि नंतर सीडींची दुकानेही लागत. माझ्या ओळखीच्या एका गायकाने पत्नीचे दागिने गहाण ठेवून स्टुडिओ भाड्याने घेतला, आठ गीते ध्वनिमुद्रित केली, आणि दोन हजार सीडी काढल्या. कव्हरवर नाव, उत्तर नागपुरातल्या घराचा पत्ता, साल, सगळे व्यवस्थित छापले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी चार स्टॉल सोडून त्याचाच आवाज निम्म्या किमतीला विकला जात होता, आणि त्या कव्हरवर फोटो त्याचा, पत्ता मात्र नाही. तो ठाण्यात गेला. तिथे त्याला कॉपीराइटच्या नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले. नोंदणी या कायद्यात ऐच्छिक आहे. कृती निर्माण झाली की हक्क निर्माण होतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्येही तेच पुन्हा स्पष्ट केले आहे. पण तो दोन हजार सीडींचा मालक होता, त्याच्या बाजूने अधिकारपत्र घेऊन फिरणारा माणूस नव्हता. तो माझ्याकडे आला तोवर मैदान रिकामे झाले होते आणि स्टॉलवाले आपापल्या गावी गेले होते. बर्डीच्या खटल्यात मी कंपनीच्या बाजूचा पंच होतो आणि माझी सहानुभूती दुकानदाराकडे झुकत होती. त्या दिवशी ती दुसऱ्या बाजूला झुकली आणि अजून तिथेच आहे.

चित्रपटांच्या बाबतीत मात्र पत्ता परत आला आहे, तो डोळ्यांना न दिसणारा. चित्रपटगृहात आता जो डिजिटल चित्रपट दाखवला जातो, त्याच्या चित्रात आणि आवाजात दाखवणाऱ्या यंत्राकडून एक अदृश्य खूण मिसळली जाते. कोणी प्रेक्षागृहात बसून मोबाईलने चित्रीकरण केले, तर त्या थरथरत्या नकलेतूनही ती खूण वाचता येते, आणि कोणत्या पडद्यावर, कोणत्या दिवशी, कोणत्या खेळाला ते झाले हे सांगता येते. सदर भागातल्या असो की बर्डीच्या, टाकीजचा पत्ता नकलेच्या पोटातच छापलेला असतो. २०२३ च्या चलचित्र दुरुस्ती अधिनियमाने नेमकी हीच जागा पकडली. कलम ६ एए प्रमाणे नक्कल काढण्याच्या हेतूने चित्रपटगृहात ध्वनिचित्रमुद्रणाचे साधन वापरणे, आणि ६ एबी प्रमाणे अशी नक्कल नफ्यासाठी लोकांना दाखवणे, याला कमीत कमी तीन महिने ते तीन वर्षे कैद आहे. दंड कमीत कमी ३ लाख आणि जास्तीत जास्त चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या ५ टक्के. म्हणजे २० कोटींचा चित्रपट असेल तर १ कोटीपर्यंत. येथे पहिल्यांदा दंडाचा आकडा नुकसानीच्या मापाशी बांधला गेला. १९८४ च्या त्या गोठलेल्या आकड्यांनंतर हे मला शहाणपणाचे वाटते.

घरी बसून पाहणाऱ्याचे काय, हेही दुकानातल्या मुलाने विचारलेच, कारण त्याची आई दुपारी कुठल्या तरी टेलिग्राम वाहिनीवरचे चित्रपट पाहते. बंद केलेल्या संकेतस्थळांवर एके काळी ‘पाहणेही दंडनीय’ अशी सूचना झळकत असे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या मजकुराला हरकत घेतली. नुसते पाहणे हा गुन्हा नाही, गुन्हा आहे तो नक्कल वाटण्यात, जाहीरपणे दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात, असे त्यांनी स्पष्ट केले. या हिशेबाने आमच्या लहानपणी गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणून चौकात रात्रभर तीन-तीन चित्रपट लावणारी सगळी मंडळे गुन्हेगार होती आणि समोर सतरंजीवर झोपी गेलेले आम्ही निर्दोष.

जुन्या गाण्यांवर त्याची शेवटची आशा होती. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९६४ साली आलेले ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०२५ पासून मोकळे झाले. पण त्यातले शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, त्यामुळे तबकडी मोकळी आणि गाणे बांधलेले अशी बहुतेकांची स्थिती आहे. त्याचा चेहरा उतरला. मी म्हटले, संगणकातले ते फोल्डर काढून टाक आणि काचेवरची ओळ पूस. दुरुस्तीवर दुकान चालतेच आहे.

त्याने फोल्डरांची यादी खाली सरकवत नेली. सगळ्यात शेवटी ‘आई भजन’ नावाचे एक फोल्डर होते. वस्तीतल्या भजनी मंडळाची बावीस भजने त्याने स्वतः, हनुमान मंदिरात, मोबाईलवर मुद्रित केलेली होती. पदे संतांची आणि चाली मंडळातल्या एका आजींच्या. हेही काढू का, त्याने विचारले. याला हात लावायचा नाही, मी म्हटले. मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो कायद्याच्या भाषेत निर्माता, म्हणजे या बावीस ध्वनिमुद्रणांचा निर्माता तूच आहेस. फक्त आजींना विचारून घे, चाल त्यांची आहे. तो बराच वेळ त्या शब्दावर हसत राहिला. मग त्याने पहिल्या भजनाची माहिती उघडली, गायकाच्या रिकाम्या रकान्यात मंडळाचे नाव भरले, साल भरले, आणि कळफलकावर बोट तसेच ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाला, “काका, पत्ता कोणता टाकू? दुकानाचा का मंदिराचा?”